घरासाठी हातकामाच्या वस्तू घेताना: जागा, पारख, भाव आणि निगा

सारंगखेड्याच्या यात्रेतून किंवा बचतगटाच्या प्रदर्शनातून हौसेनं आणलेली वस्तू दोन वर्षांत माळ्यावर जाते, हे आपल्या खान्देशात घरोघरी दिसतं. बांबूच्या दिव्यातून भुस्सा गळायला लागतो, चित्राला पोपडे येतात, तोरणाचा लाल रंग भिंतीवर उतरतो. दोष बहुतेक वेळा खरेदीच्या क्रमाचा असतो. आधी वस्तू घेतली जाते, मग तिच्यासाठी जागा शोधली जाते, आणि ती कशाची बनली आहे हे खराब झाल्यावर कळतं. कमी पैशांत चांगली वस्तू नक्की मिळते, पण त्यासाठी खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं घ्या.

पायरी १: आधी भिंत, मग बाजार

टेप आणि वही घेऊन घरात एक फेरी मारा. सजवायच्या फक्त तीन जागा ठरवा. पहिल्याच खेपेला सगळं घर सजवायला निघालं की हातात दहा किरकोळ वस्तू येतात आणि एकही नजरेत भरत नाही.

प्रत्येक जागेपुढं चार गोष्टी लिहा: लांबी-रुंदी, ऊन कधी येतं, कूलरचा झोत लागतो का, आणि फडकं मारायला हात सहज पोचतो का. यातलं कूलरचं कलम लोक हमखास विसरतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, कूलर रात्रंदिवस चालतो आणि समोरच्या भिंतीवर सतत दमट हवा आदळते. कागद, कापड, बांबू, कच्चा रंग यांपैकी काहीही त्या भिंतीवर लावू नका. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते. तिथं गोंदानं चिकटवलेलं काम सुटतं आणि लाखेचं काम मऊ पडतं.

जागा ठरली की वर्तमानपत्र वस्तूच्या अंदाजे मापात कापून भिंतीवर चिकटवा आणि चार दिवस तसंच राहू द्या. सोफ्याच्या वर लावायची चौकट सोफ्याच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश असली की डोळ्याला बरी वाटते. कागद लहान वाटला तर मोठा लावून पाहा. बाजारात वस्तू नेहमी आहे त्यापेक्षा मोठी भासते, कारण तिथं ती लहान टेबलावर मांडलेली असते.

*तपासा:* मापांची चिठ्ठी पाकिटात आहे का? जागेचा फोटो मोबाइलमध्ये आहे का? नसेल तर अजून बाजारात जाऊ नका.

पायरी २: पूर्ण खर्च धरा

वस्तूची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. चित्राला चौकट लागते, आणि पुष्कळदा ती चित्रापेक्षा महाग पडते. दिव्याला होल्डर-वायर, जड वस्तूला हूक आणि ड्रिलवाल्याची मजुरी. म्हणून पाच हजार रुपये बाजूला काढले असतील तर वस्तूंवर तीन हजारच खर्च करायचे. हजारेक चौकट आणि टांगण्यासाठी ठेवा. उरलेले हजार हातात राहू द्या, सणाच्या बाजारात अचानक चांगली वस्तू समोर आली तर उपयोगी पडतील.

तीन हजारांत सहा वस्तू घेण्यापेक्षा एक चांगली मोठी आणि दोन साध्या घ्या. लहान-लहान वस्तूंची शोकेस भरते, धूळ दुप्पट बसते, आणि पुसताना त्यातलीच एखादी फुटते.

पायरी ३: आपल्या हवेत टिकेल तेच निवडा

कोकणात किंवा कर्नाटकात जी वस्तू वर्षानुवर्षं चांगली राहते, ती इथं पहिल्या उन्हाळ्यात तडकू शकते. आपल्याकडे हवा आठ महिने कोरडी, त्यात धूळ, आणि नंतर एकदम पावसाची ओल. लाकूड या कोरड्या-ओल्याच्या फेऱ्यात आकसतं आणि फुगतं. पूर्ण न वाळलेलं लाकूड यात हमखास फाटतं.

भट्टीत नीट भाजलेली माती, पितळ, काच आणि जाड सुती विणकाम या आपल्याकडच्या सर्वांत बिनघोर वस्तू. बांबू चांगला टिकतो, पण पारखून घेतलेला. कागदी लगद्याच्या आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या वस्तू आतल्या, कोरड्या खोलीपुरत्या ठीक. बारीक जाळीचं कोरीवकाम दिसायला देखणं असतं, पण रस्त्यावरच्या घरात घेऊ नका. जाळीत बसलेली धूळ ब्रशनंही पूर्ण निघत नाही आणि ओल्या फडक्यानं तिचा चिखल होतो.

*सावध:* पोळ्याचे मातीचे बैल आणि गुलाबाईच्या मूर्ती बहुधा कच्च्या मातीच्या, वरून रंगवलेल्या असतात. त्या सणासाठी आणि विसर्जनासाठी घडवलेल्या असतात. वर्षभर शोभेला ठेवायच्या असतील तर काचेच्या कपाटात ठेवा. ओल लागली की रंग सुटतो आणि पाय गळून पडतात.

पायरी ४: कुठं आणि केव्हा

मातीसाठी गावातल्या कुंभाराकडेच जा. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी घागरींसाठी आवे, म्हणजे कुंभाराच्या भट्ट्या, लागतात तेव्हा त्याच्याकडे ताजा, भरपूर माल असतो आणि निवडायला वाव मिळतो. साधी, न रंगवलेली घागर किंवा पसरट थाळी घेऊन त्यात झाड किंवा दिवा ठेवला तर ती शोरूममधल्या ‘टेराकोटा’पेक्षा कितीतरी स्वस्त पडते आणि दिसायलाही सरस असते. मला तर घरातल्या सजावटीची सुरुवात इथूनच करावी असं मनापासून वाटतं.

बांबूकामासाठी बुरूड मंडळींकडे जा. सूप, टोपली, परडी हा त्यांचा नेहमीचा माल, पण माप दिलं तर दिव्याची टोपी किंवा भिंतीवरची थाळीही करून देतात. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, मोलगी, अक्कलकुवा भागातल्या आठवडे बाजारांत सातपुड्यातले लोक स्वतः केलेल्या टोपल्या घेऊन उतरतात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात गर्दी प्रचंड असते. तेव्हा पाहायला जरूर जा, पण निवांत पारखून घ्यायचं असेल तर एरवीचा बाजार बरा. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिची ओळख घोडेबाजाराची असली तरी आजूबाजूची दुकानं पाहण्यासारखी असतात. मात्र तिथं कारखान्यातला मालही मोठ्या प्रमाणात येतो, म्हणून पाचवी पायरी तिथं जास्त लागते.

बंजारा भरतकामासाठी चाळीसगाव, जामनेर भागातल्या तांड्यांवरच्या बायकांशी ओळख काढा. बचतगटाच्या प्रदर्शनात त्यांतल्या काही जणी भेटतात. तिथं स्टॉलवर बसलेल्या ताईंना सरळ विचारा, “हे तुम्ही स्वतः केलंय का? किती दिवस लागले?” जिनं केलंय ती लगेच सांगते, वर कुठला टाका अवघड गेला तेही सांगते. जिनं माल विकत आणलाय ती भावावर येते.

*सावध:* हातात पैसे आहेत म्हणून कुणाच्या घरातली वापरातली किंवा देवाला वाहिलेली वस्तू मागू नका. आणि सांबर-चितळाची शिंगं, गळून पडलेली का असेनात, घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांची खरेदी-विक्री बंद आहे. विकणारा ‘जुनं आहे, चालतं’ म्हणाला तरी चालत नाही.

पायरी ५: हातात घेऊन पारख

या पायरीला वेळ द्या. नियम एकच: वस्तूची मागची आणि खालची बाजू आधी बघा. पुढची बाजू विकण्यासाठी केलेली असते, खरं काम मागं कळतं.

*माती.* बोटाच्या पेरानं टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर वस्तू भाजलेली आणि सलग आहे. आवाज बद्द आला तर तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. बोट ओलं करून तळाशी घासा. चिखल लागला तर माती भाजलेलीच नाही. विटकरी रंग फासलेलं प्लास्टर ‘माती’ म्हणून सर्रास विकलं जातं. तळाशी नखानं हलकं खरवडलं की आतून पांढरं दिसतं.

*बांबू.* टोपलीची कड बोटांनी चाचपत पूर्ण फिरवा. चांगल्या कामात कडेवरची पाती गुंडाळून शेवटचं टोक विणीच्या आत खोचलेलं असतं. बोटाला कुठंही अडकत नाही. घाईच्या कामात तिथं तार किंवा खिळा मारलेला असतो. ही तार कूलरच्या हवेत गंजते आणि गंजाचा डाग कामट्यांवर पसरतो. मग वस्तू काळ्या किंवा गडद कापडावर दोन-तीनदा आपटा. पिवळसर पीठ पडलं, किंवा टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं दिसली, तर आत भुंगा आहे. भाव निम्मा केला तरी घेऊ नका, कारण तो भुंगा तुमच्या बाकीच्या बांबूत आणि कोवळ्या लाकडात जाईल. अगदी हिरवट, जड, ओला वास येणारा बांबूही टाळा. तो वाळताना आकसतो आणि वीण सैल पडते.

*लाकूड.* तळाशी पॉलिश नसतं, तिथले रेषे बघा. वरून सागवानी रंग आणि खाली फिकट, रेषा नसलेलं लाकूड असेल तर तो रंग आहे, सागवान नाही. साधं लाकूड असायला हरकत नाही, फक्त भाव सागवानाचा देऊ नका. टोकांना केसासारख्या भेगा असतील तर उन्हाळ्यात त्या वाढणार हे धरून चला.

*भरतकाम.* तोरण उलटं करा. हाताच्या कामात मागं गाठी असतात, दोरा एका नक्षीवरून दुसरीवर गेलेला दिसतो, टाके किंचित लहान-मोठे असतात. मशीनच्या कामात मागून एकाच रंगाचा, बहुधा पांढरा दोरा सगळीकडे सारखा धावतो. आरसा टाक्यांनी चारी बाजूंनी धरलेला हवा. नख घालून पाहा, गोंदानं चिकटवलेला असेल तर लगेच हलतो. शेवटी पांढरा रुमाल ओला करून लाल, काळ्या आणि निळ्या भागावर घासा. रुमाल रंगला तर ते तोरण पांढऱ्या भिंतीवर लावू नका.

*चित्र.* वारली आणि भिल्ल शैलीच्या चित्रांत छापील माल सर्वांत जास्त आहे. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं असलं तरी दुकानातलं प्रत्येक वारली चित्र हातचं असेलच असं नाही. चित्र उजेडाकडं तिरपं धरा. हातानं लावलेला पांढरा रंग किंचित वर उचललेला दिसतो, रेषेच्या सुरुवातीला जाड आणि शेवटी विरळ होतो. छापील चित्र सपाट असतं. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन झूम करा. रंग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसला तर तो छापा. इथं गोंधळ होऊ देऊ नका: भिल्ल चित्रांत ठिपके असतातच, पण ते डोळ्यांना दिसणारे, एकमेकांपासून वेगळे, हाताचे असतात. स्क्रीन-प्रिंटमध्ये मात्र छपाईचे ठिपके नसतात. त्यासाठी एकाच नक्षीच्या दोन प्रती शेजारी धरा. हातानं दोन माणसं तंतोतंत सारखी कधीच उतरत नाहीत.

*धातू.* खिशात लहान लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर फक्त पितळी मुलामा. चिकटलं नाही म्हणजे पितळच, असंही नाही, कारण अॅल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. तिथं वजन सांगतं. पितळ अॅल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं. बस्तरच्या ढोकरा कामात मेणाचा आकार करून त्यावर मातीचा साचा चढवतात, मेण वितळवून धातू ओततात आणि शेवटी साचा फोडतात. म्हणून दोन नग अगदी सारखे नसतात आणि अंगावर मेणाच्या दोऱ्यासारख्या रेषा दिसतात. दोन्ही कुशींवरून जोडाची सरळ रेघ गेलेली असेल तर तो नग दोन भागांच्या साच्यातला आहे.

*तपासा:* दुकानदार वस्तू उलटी करू देत नसेल किंवा बाहेरच्या उजेडात नेऊ देत नसेल, तर खरेदी तिथंच थांबवा. ऑनलाइन घेत असाल तर मागच्या बाजूचा फोटो, वजन आणि शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. वस्तू दाखवणारा छोटा व्हिडिओ आणखी चांगला.

पायरी ६: भाव

दोन ठिकाणी दोन वेगळ्या पद्धतीनं बोला. जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या पाचकंदील भागात, विकत आणून विकणाऱ्या दुकानदाराशी मनसोक्त घासाघीस करा, तो त्याचा रोजचा व्यवहार आहे. जी बाई स्वतः केलेली टोपली घेऊन डोंगरावरून उतरली आहे तिच्याशी करू नका.

रास्त भाव कळण्यासाठी साधा हिशेब आहे. “मावशी, असं एक करायला किती दिवस लागतात?” एवढंच विचारा. समजा तोरणाला चार दिवस लागले आणि दिवसाची मजुरी साडेतीनशे धरली, तर चौदाशे रुपये नुसत्या हाताचे झाले. कापड, दोरा, आरसे दोनशेचे धरा. सोळाशे हा रास्त भाव. तेच तोरण कुणी चारशेला देत असेल तर ते मशीनचं आहे, किंवा करणारीला कुणीतरी लुबाडलंय. परवडत नसेल तर भाव पाडण्याऐवजी लहान वस्तू घ्या. त्याच बाईकडून वीतभर पट्टी घेऊन चौकटीत बसवली तरी भिंत सजते.

एकाच करणाऱ्याकडून तीन-चार वस्तू घेतल्या तर तो स्वतःहून सवलत देतो, ती आनंदानं घ्या. सुटे पैसे सोबत न्या. डोंगरातल्या बाजारांत मोबाइलची रेंज भरवशाची नसते आणि शंभराच्या टोपलीला पाचशेची नोट दिली की दोघांचीही अडचण होते.

पायरी ७: घरी नेणं

माती आणि काच जुन्या साड्यांत गुंडाळून, पोकळ जागी कागद कोंबून न्या. चित्र सुरळी करून नेताना रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर रंग चेपून त्याला सुरकुत्या पडतात. उन्हाळ्यात बंद गाडीत वस्तू सोडून जेवायला जाऊ नका. काचा वर असलेल्या गाडीत लाख आणि गोंद अर्ध्या तासात मऊ होतात.

बांबू आणि लाकूड घरात आणलं तरी लगेच लावू नका. पंधरा दिवस गॅलरीत गडद कागदावर ठेवा. कागदावर पीठ पडलं नाही तरच आत घ्या. पीठ पडलं आणि वस्तू साधी, न रंगवलेली असेल, तर काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर दोन-तीन दिवस ठेवा. आपल्या उन्हात आतला किडा जगत नाही. रंगवलेल्या, लाखेच्या किंवा गोंदाच्या वस्तूवर हा उपाय करू नका.

पायरी ८: लावणं

आपल्याकडे देवाचे आणि वाडवडिलांचे फोटो दाराच्या चौकटीच्याही वर लावायची रीत आहे. तिथं ते शोभतात. पण शोभेची चित्रंही त्याच रांगेत गेली की मान वर केल्याशिवाय दिसत नाहीत. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर ठेवा. गादी-तक्क्याची बैठक असेल तर आणखी अर्धा फूट खाली घ्या.

सिमेंटच्या भिंतीत ड्रिल करून प्लास्टिकची गिट्टी बसवा, मग स्क्रू. नुसता खिळा गिलाव्यात बसतो आणि जड वस्तूनं सुटून येतो. धाब्याच्या, मातीच्या भिंतीच्या घरात ड्रिल करूच नका, माती सुटते. तिथं जुन्या खुंट्या आणि कोनाडे आहेत. पितळी दिवा किंवा मातीचं लहान भांडं कोनाड्यात जसं दिसतं तसं कुठल्याच शोकेसमध्ये दिसत नाही.

चौकटीच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांवर रबराचे लहान तुकडे चिकटवा. भिंत आणि चौकटीत फट राहते, हवा खेळते आणि पावसाळ्यात मागून बुरशी धरत नाही. चौकटवाल्याला काच थेट रंगाला टेकू देऊ नकोस असं आवर्जून सांगा, नाहीतर रंग काचेलाच चिकटतो.

पायरी ९: पहिल्या वर्षाची निगा

धूळ कोरड्या, मऊ ब्रशनं झाडा. ओलं फडकं फक्त काच, पितळ आणि भाजलेल्या मातीला.

पितळ घासण्याआधी त्यावर पारदर्शक लेप आहे का ते विकणाऱ्याला विचारलेलं असावं. लेप असेल तर चिंच किंवा पावडर लावू नका. लेप ठिकठिकाणी उडतो आणि वस्तू चट्टे आल्यासारखी दिसते. तिला कोरडं कापड पुरेसं आहे. लेप नसेल तर चिंचेनं घासा, धुवा आणि लगेच कोरडी करा.

मातीच्या कुंडीवर बोअरच्या जड पाण्यानं पांढरे क्षार फुटतात. कोरड्या ब्रशनं झाडून मग लिंबाच्या पाण्यानं पुसा. बांबूला वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, ऊन दाखवा आणि कापडाला जवसाच्या तेलाचे चार थेंब लावून हलका हात फिरवा. तेल जास्त झालं तर धूळ चिकटून काळा थर बसतो. तेलाचं ते कापड नंतर गोळा करून ठेवू नका, पसरून वाळवा, कारण जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळ्यातलं कापड पेट घेऊ शकतं.

जून लागायच्या आत भिंतीवरचं एकेक खाली उतरवून मागची बाजू बघा. भिंत ओली होणारी असेल तर कापड आणि कागदाची चित्रं पावसाळाभर सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा आणि नवरात्राच्या साफसफाईत परत लावा.